अमेरिकन फुटबॉलमधील डोक्याच्या दुखापती

अमेरिकन फुटबॉल या खेळात खेळाडूंच्या डोक्याला व मेंदूला होणाऱ्या इजा, त्यांचे दीर्घकालीन परिणाम आणि त्या टाळण्यासाठी केलेले उपाय हा क्रीडावैद्यकातील एक महत्त्वाचा विषय आहे. भारतात ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात त्याहून हा खेळ वेगळा आहे. यात लांबट आकाराचा चेंडू मुख्यतः हाताने वाहून नेला जातो किंवा फेकला जातो आणि चेंडू नेणाऱ्यास अंगावर झेप घेऊन खाली पाडणे नियमांना धरून असते. खेळाडूंची परस्परांशी होणारी टक्कर हा या खेळात अपघात नसून खेळाचाच भाग असतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मैदानावर होणारे मृत्यू ही या खेळापुढील मुख्य समस्या होती. नियमांतील बदल आणि हेल्मेटचा वापर यांमुळे अशा मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ घटले. मात्र एकविसाव्या शतकात वेगळ्या स्वरूपाची हानी प्रकाशात आली. वर्षानुवर्षे बसलेल्या धक्क्यांमुळे मेंदूचा हळूहळू ऱ्हास होतो आणि त्याची लक्षणे अनेकदा खेळ सोडल्यानंतर दिसू लागतात, असे आढळले. या विकारास क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, संक्षेपाने सीटीई, असे म्हणतात. कवटीचे रक्षण करणारे हेल्मेट मेंदूला कवटीच्या आत हलण्यापासून रोखू शकत नाही. त्यामुळे डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांची एकूण संख्याच कमी करणे हा सुरक्षिततेचा प्रमुख मार्ग मानला जाऊ लागला आहे.

खेळाचे स्वरूप

अमेरिकन फुटबॉलमध्ये एका वेळी प्रत्येक संघाचे ११ खेळाडू १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, लांबीच्या मैदानावर उतरतात. खेळ छोट्या छोट्या डावांत विभागलेला असतो. प्रत्येक डावाच्या आरंभी दोन्ही संघांचे खेळाडू एका काल्पनिक रेषेच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहतात. चेंडू खेळात येताच रेषेवरील खेळाडू, म्हणजे लाइनमन, एकमेकांवर आदळतात. या खेळाडूंपैकी अनेकांचे वजन १३० किलोग्रॅमहून अधिक असते. त्यांच्यातील अंतर कमी असल्याने एकेका टकरीचा जोर मर्यादित असला, तरी अशी टक्कर जवळजवळ प्रत्येक डावात होते. चेंडू झेलणारे आणि त्यांना अडवणारे खेळाडू मात्र लांबून वेगाने धावत येतात. त्यांच्या टकरी तुलनेने कमी असल्या तरी अधिक तीव्र असतात.

किकऑफ हा प्रसंग विशेष धोक्याचा समजला जातो. पारंपरिक पद्धतीत एक संघ चेंडू दूर मारतो आणि दोन्ही संघांचे खेळाडू लांबून परस्परांच्या दिशेने पूर्ण वेगाने धावत येतात. नियमबदलांच्या इतिहासात किकऑफचा उल्लेख वारंवार येतो तो यामुळेच.

दुखापतीची प्रक्रिया

प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १.४ किलोग्रॅम वजनाचा आणि अतिशय मऊ असतो. कवटीच्या आत तो प्रमस्तिष्क-मेरू द्रवाने वेढलेला असतो. डोके वेगाने पुढे जात असताना अचानक थांबले, तर कवटी थांबते, पण मेंदू क्षणभर त्याच दिशेने जात राहतो. अचानक ब्रेक लागल्यावर बसमधील उभा प्रवासी पुढे ढकलला जातो, तसाच हा प्रकार होय. धक्का तिरका बसला तर डोके मानेभोवती वेगाने वळते आणि मेंदूच्या निरनिराळ्या भागांत पीळ पडतो. सरळ रेषेतील धक्क्यापेक्षा असा फिरता धक्का मेंदूला अधिक घातक ठरतो, असे मानले जाते.

या ताणामुळे चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात. पेशींच्या पटलांतून पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते आणि ग्लुटामेट हे रसायन मोठ्या प्रमाणात स्रवते. बिघडलेला समतोल पूर्ववत करण्यासाठी पेशींना अधिक ऊर्जा लागते, पण त्याच वेळी मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा घटलेला असू शकतो. यातून उद्भवणाऱ्या तात्पुरत्या बिघाडास कन्कशन म्हणतात. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गोंधळलेपणा, प्रकाश किंवा आवाज सहन न होणे आणि घडलेला प्रसंग न आठवणे ही त्याची सामान्य लक्षणे आहेत. कन्कशन झालेला माणूस बेशुद्ध पडतोच असे नाही. बहुसंख्य प्रसंगांत शुद्ध हरपत नाही. नेहमीच्या सीटी स्कॅनमध्येही सहसा काही दोष दिसत नाही, कारण बिघाड रचनेपेक्षा कार्यात झालेला असतो.

मेंदू पूर्ववत होण्याआधी दुसरा धक्का बसणे धोकादायक असते. क्वचित प्रसंगी अशा दुसऱ्या धक्क्यानंतर मेंदूला झपाट्याने सूज येऊन मृत्यू ओढवतो. १९८४ मध्ये एका महाविद्यालयीन फुटबॉलपटूच्या मृत्यूचे वर्णन करताना वैद्यकीय लेखकांनी यास ‘सेकंड इम्पॅक्ट सिंड्रोम’ असे नाव दिले. पहिला धक्का सौम्य वाटला तरी खेळाडूला ताबडतोब बाहेर काढावे, या नियमामागे हे एक प्रमुख कारण आहे.

ज्या धक्क्यांनंतर कोणतेही लक्षण दिसत नाही त्यांना सबकन्कसिव्ह, म्हणजे कन्कशनच्या पातळीखालचे, धक्के म्हणतात. लाइनमनला एका हंगामात असे शेकडो धक्के बसू शकतात. त्यांची नोंद कोणत्याही वैद्यकीय कागदपत्रांत होत नाही. सीटीईच्या संशोधनात याच धक्क्यांना पुढे मध्यवर्ती स्थान मिळाले.

इतिहास

१९०५ चे संकट

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ मुख्यतः महाविद्यालयांत खेळला जात असे. खेळाडू हात गुंफून दाटीवाटीने प्रतिस्पर्ध्यांवर चालून जात. हार्वर्ड विद्यापीठाने १८९२ मध्ये वापरलेली ‘फ्लाइंग वेज’ ही पाचरीच्या आकाराची रचना इतकी धोकादायक ठरली, की दोनच वर्षांत तिच्यावर बंदी आली. १९०५ च्या हंगामात मृत्युमुखी पडलेल्या खेळाडूंची संख्या तत्कालीन वृत्तपत्रांनी १८ ते १९ अशी दिली. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळातील हिंसा कमी करण्याचे आवाहन केले. कोलंबिया विद्यापीठाने हा खेळ बंद केला, तर स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या विद्यापीठांनी त्याऐवजी रग्बी स्वीकारले.

१९०६ मध्ये नियमांत मूलभूत बदल झाले. चेंडू पुढे फेकण्यास, म्हणजे फॉरवर्ड पासला, परवानगी मिळाली. सलग चढाईचा हक्क टिकवण्यासाठी कापावयाचे अंतर ५ यार्डांवरून १० यार्ड करण्यात आले. दोन्ही संघांच्या रांगांमध्ये मोकळी जागा ठेवणे बंधनकारक झाले. खेळ मैदानभर पसरावा आणि खेळाडूंची दाटी फुटावी हा त्यामागचा हेतू होता. याच घडामोडींतून १९०६ मध्ये स्थापन झालेली महाविद्यालयीन संघटना १९१० पासून नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए, या नावाने ओळखली जाऊ लागली. आज या खेळाचे वैशिष्ट्य मानला जाणारा लांब पास मुळात सुरक्षिततेच्या उपायातून आला आहे.

हेल्मेट आणि त्याचे अनपेक्षित परिणाम

प्रारंभीचे खेळाडू चामड्याच्या मऊ टोप्या वापरत, तर अनेक जण उघड्या डोक्यानेच खेळत. एनसीएएने १९३९ मध्ये आणि नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या व्यावसायिक स्पर्धेने १९४३ मध्ये हेल्मेट सक्तीचे केले. रिडेल कंपनीने १९३९ मध्ये प्लास्टिकचे हेल्मेट आणले. १९५० च्या दशकात चेहऱ्यापुढील जाळीचा वापर सर्वत्र होऊ लागला.

कठीण कवच आणि जाळी यांमुळे खेळाडूंच्या मनातील डोक्याच्या इजेची भीती कमी झाली. याचा परिणाम असा झाला, की डोके हेच प्रतिस्पर्ध्याला धडक देण्याचे साधन बनले. डोके खाली घालून टाळूच्या भागाने धडक देण्याची ‘स्पिअरिंग’ ही पद्धत रूढ झाली आणि काही ठिकाणी प्रशिक्षकच ती शिकवू लागले. १९६८ या एकाच वर्षी फुटबॉलमधील प्रत्यक्ष इजांमुळे ३६ खेळाडू दगावले. हा या खेळाच्या नोंदींतील सर्वांत वाईट हंगामांपैकी एक होता. त्यानंतर १९६९ मध्ये क्रीडासाहित्याची मानके ठरवणारी नॉक्सी ही समिती स्थापन झाली आणि १९७३ मध्ये तिने हेल्मेटचे पहिले मानक प्रसिद्ध केले.

डोके खाली घालून धडक देताना मान सरळ रेषेत येते आणि धडकेचा सगळा जोर मणक्यांवर पडतो. अशा इजांमुळे तरुण खेळाडूंचे दोन्ही हात व दोन्ही पाय कायमचे लुळे पडत असत. डॉ. जोसेफ टॉर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे कारण दाखवून दिले. १९७६ मध्ये शालेय आणि महाविद्यालयीन पातळीवर स्पिअरिंगवर बंदी आली. टॉर्ग यांच्या नोंदींनुसार कायमच्या पक्षाघाताच्या अशा घटना १९७६ मधील ३४ वरून १९८४ मध्ये ५ वर आल्या. केवळ खेळण्याची पद्धत बदलल्याने इजा किती घटू शकतात, याचे हे उदाहरण म्हणून दिले जाते.

जुन्या मानकांनुसार हेल्मेटची चाचणी मुख्यतः सरळ रेषेतील धक्का शोषण्यापुरती होती. कवटी फुटणे आणि मेंदूभोवती रक्तस्राव होणे यांपासून अशा हेल्मेटने चांगले संरक्षण दिले. फिरत्या धक्क्याचा आणि कन्कशनचा विचार मानकांत बराच उशिरा आला.

सीटीईचा शोध

मुष्टियुद्धातील पूर्वज्ञान

वारंवार डोक्यावर मार बसल्याने मेंदू कायमचा बिघडू शकतो हे वैद्यकशास्त्राला नवे नव्हते. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्ये मुष्टियोद्ध्यांमधील अडखळती चाल, तोतरे बोलणे आणि मंदावलेली बुद्धी यांचे वर्णन केले होते. १९७३ मध्ये ब्रिटिश संशोधक जे. ए. एन. कॉर्सेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ निवृत्त मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. मात्र हा विकार मुष्टियुद्धापुरताच आहे असा समज दीर्घकाळ राहिला.

माइक वेबस्टर

माइक वेबस्टर हे १९७४ ते १९९० या काळात एनएफएलमध्ये १७ हंगाम खेळले. त्यांपैकी बहुतेक हंगाम ते पिट्सबर्ग स्टीलर्स या संघाचे सेंटर, म्हणजे रांगेच्या मध्यभागी उभे राहून चेंडू खेळात आणणारे लाइनमन होते. संघाच्या चार सुपर बोल विजेतेपदांत त्यांचा वाटा होता. निवृत्तीनंतर त्यांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळली. संसार मोडला, पैसा संपला आणि काही काळ त्यांना वाहनात राहावे लागले. डोक्यावरील आघातांमुळे त्यांना अपंगत्व आले हे खेळाडूंच्या निवृत्तिवेतन मंडळाने त्यांच्या हयातीतच मान्य केले होते. सप्टेंबर २००२ मध्ये वयाच्या ५० व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला.

पिट्सबर्ग येथे शवविच्छेदन करणारे नायजेरियात जन्मलेले डॉ. बेनेट ओमालू यांना वेबस्टर यांचा मेंदू वरवर पाहता सामान्य दिसला. तरीही त्यांनी त्याचे पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. तेव्हा टाऊ या प्रथिनाचे असाधारण साठे आढळले. हा अहवाल २००५ मध्ये ‘न्यूरोसर्जरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एनएफएल खेळाडूमधील सीटीईचे हे पहिले प्रसिद्ध वर्णन होय.

विकाराचे स्वरूप

टाऊ हे प्रथिन निरोगी चेतापेशींत आधाररचना टिकवण्याचे काम करते. सीटीईमध्ये त्याचे रेणू सुटे होऊन गुठळ्यांच्या रूपात साचतात. मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती हे साठे प्रथम दिसतात. ही मांडणी अल्झायमरच्या आजारातील मांडणीहून वेगळी असते आणि तिच्या आधारेच निदान होते. बोस्टन विद्यापीठातील डॉ. अ‍ॅन मॅकी यांनी या विकाराचे चार टप्पे मांडले आहेत. चौथ्या टप्प्यात मेंदू आकुंचन पावतो आणि रुग्णात स्मृतिभ्रंश दिसतो.

आधीच्या काळात चिडचिड, नैराश्य, आवेगांवर ताबा न राहणे आणि विस्मरण अशी लक्षणे आढळतात. मात्र ही लक्षणे अन्य विकारांतही दिसतात. सीटीईचे निश्चित निदान आजही केवळ मृत्यूनंतर मेंदूच्या तपासणीनेच होते. त्यामुळे संशोधन खेळाडूंनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी केलेल्या मेंदूदानावर अवलंबून आहे. शिकागो बेअर्सचे माजी खेळाडू डेव्ह ड्यूअरसन यांनी २०११ मध्ये मृत्यूपूर्वी आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा असे लिहून ठेवले होते. २०१२ मध्ये निधन झालेले ज्युनियर सिओ यांचा मेंदूही कुटुंबीयांनी तपासणीसाठी दिला. दोघांच्याही मेंदूत सीटीई आढळला.

प्रमुख अभ्यास

‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टन विद्यापीठाच्या अभ्यासात फुटबॉल खेळलेल्या २०२ व्यक्तींच्या मेंदूंपैकी १७७ मेंदूंत सीटीई आढळला. त्यांत एनएफएल खेळाडू १११ होते आणि त्यांपैकी ११० जणांत हा विकार होता. २०१९ मधील अभ्यासात खेळाचे प्रत्येक अतिरिक्त वर्ष आणि सीटीईची वाढती शक्यता यांचा संबंध दिसला. निदान झालेल्या कन्कशनच्या संख्येपेक्षा खेळलेली वर्षे आणि बसलेल्या धक्क्यांचा एकत्रित जोर यांवरून विकाराचा अंदाज अधिक चांगला बांधता येतो, असेही संशोधनातून पुढे आले आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या एका २१ वर्षीय खेळाडूला कन्कशन झाल्याची एकही नोंद नव्हती, तरी २०१० मध्ये त्याच्या मृत्यूनंतर मेंदूत सीटीईची आरंभीची चिन्हे आढळली होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने ३,४३९ माजी एनएफएल खेळाडूंच्या मृत्यूंचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. चेतासंस्थेच्या ऱ्हासाच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्य लोकसंख्येच्या सुमारे तिप्पट होते. मात्र सर्व कारणांनी होणाऱ्या मृत्यूंचे एकूण प्रमाण सर्वसामान्यांपेक्षा कमी होते.

एनएफएलची भूमिका

एनएफएलने १९९४ मध्ये मेंदूच्या सौम्य इजांच्या अभ्यासासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष डॉ. इलियट पेलमन हे मेंदूविकारांचे नव्हे, तर संधिवाताचे तज्ज्ञ होते. समितीने २००३ पासून प्रसिद्ध केलेल्या लेखमालेत व्यावसायिक खेळाडूंमधील कन्कशनचे परिणाम फारसे गंभीर नसतात असा सूर होता. त्याच सामन्यात पुन्हा खेळण्यास उतरल्याने विशेष धोका संभवत नाही, असेही त्यांत म्हटले होते. ओमालू यांचा शोधनिबंध मागे घ्यावा अशी मागणी समितीच्या सदस्यांनी केली. ती मान्य झाली नाही.

ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहातील न्यायविषयक समितीसमोर सुनावणी झाली. लीगची भूमिका तंबाखू कंपन्यांच्या जुन्या भूमिकेची आठवण करून देते, अशी टीका प्रतिनिधी लिंडा सांचेझ यांनी केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लीगने कन्कशनचे दीर्घकालीन परिणाम होऊ शकतात हे मान्य केले. कन्कशनची चिन्हे दिसणाऱ्या खेळाडूला त्याच दिवशी पुन्हा खेळवण्यावरही बंदी घातली. फुटबॉल आणि सीटीईसारखे विकार यांत संबंध आहे, अशी उघड कबुली लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने मार्च २०१६ मध्ये काँग्रेस सदस्यांसमोरील चर्चेत दिली. वेबस्टर यांच्या मृत्यूला तेव्हा १३ वर्षे उलटून गेली होती.

न्यायालयीन लढा

लीगने धोक्याची माहिती दडवली, असा आरोप करत २०११ पासून माजी खेळाडूंनी दावे दाखल केले. हजारो खेळाडूंचे हे दावे फिलाडेल्फिया येथील संघीय न्यायालयात न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांच्यासमोर एकत्र करण्यात आले. ऑगस्ट २०१३ मध्ये ७६.५ कोटी डॉलरची तडजोड जाहीर झाली. ही रक्कम अपुरी पडेल अशी शंका घेऊन न्यायाधीशांनी तिला प्रारंभिक मंजुरी नाकारली. त्यानंतर एकूण भरपाईवरील कमाल मर्यादा काढून टाकण्यात आली आणि एप्रिल २०१५ मध्ये सुधारित तडजोडीस अंतिम मान्यता मिळाली. या तडजोडीत लीगने दोष मान्य केला नाही. निवृत्त खेळाडूंपैकी दहांत जवळपास तीन जणांना मेंदूचे गंभीर विकार होतील, असा अंदाज लीगच्याच विमागणितज्ज्ञांनी २०१४ मध्ये न्यायालयात सादर केलेल्या कागदपत्रांत होता.

भरपाईच्या अंमलबजावणीत पुढे आणखी एक अन्याय उघडकीस आला. बौद्धिक चाचण्यांचे मूल्यमापन करताना कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळ बौद्धिक पातळी कमी गृहीत धरणारी पद्धत वापरली जात होती. परिणामी सारखेच गुण मिळूनही कृष्णवर्णीय खेळाडूची बुद्धी ढासळल्याचे सिद्ध होणे अधिक कठीण होई. एनएफएलमधील बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय असल्याने हा प्रश्न मोठा होता. केव्हिन हेन्री आणि नाजे डेव्हनपोर्ट या माजी खेळाडूंनी २०२० मध्ये या पद्धतीस आव्हान दिले. २०२१ मध्ये लीगने ती सोडून देण्याचे मान्य केले आणि २०२२ मध्ये न्यायालयाने तसा बदल मंजूर केला. अनेक जुन्या दाव्यांचे त्यानंतर फेरमूल्यमापन झाले.

सुरक्षेचे उपाय

नियम आणि सरावातील बदल

एनएफएलने २०११ मध्ये किकऑफची जागा ३० यार्ड रेषेवरून ३५ यार्ड रेषेवर नेली. त्यामुळे चेंडू मैदानाच्या टोकापलीकडे जाण्याचे प्रमाण वाढून धावत्या टकरी घटल्या. त्याच वर्षी खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारानुसार हंगामातील पूर्ण टकरीच्या सरावांची संख्या १४ वर आणली गेली. डोके खाली घालून धडक देण्यास २०१८ पासून दंड आहे. २०२४ पासून किकऑफची नवी रचना आली. तिच्यात दोन्ही संघांचे बहुतेक खेळाडू जवळ जवळ उभे राहतात आणि चेंडू खाली येईपर्यंत त्यांना हलता येत नाही.

आयव्ही लीग या महाविद्यालयीन गटाने २०१६ मध्ये किकऑफ ३५ ऐवजी ४० यार्ड रेषेवरून सुरू केला. त्यानंतर दर हजार किकऑफमागे कन्कशनचे प्रमाण सुमारे ११ वरून सुमारे २ वर आल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. याच गटातील डार्टमथ महाविद्यालयाने २०१० पासून सरावात खेळाडूंनी एकमेकांना टॅकल करणे बंद केले. त्याऐवजी पुतळे आणि पुढे दूरनियंत्रित फिरते पुतळे वापरण्यात आले.

मैदानावरील तपासणी

एनएफएलच्या सामन्यांत संघाच्या डॉक्टरांखेरीज संघाशी संबंध नसलेला मेंदूविकारतज्ज्ञ उपस्थित असतो. उंचावरून चित्रफितींसह लक्ष ठेवणारे निरीक्षक संशयास्पद धक्का दिसताच खेळ थांबवू शकतात. संशयित खेळाडूची स्मृती, तोल, डोळ्यांची हालचाल आणि बोलणे तपासले जाते. कन्कशन निश्चित झाल्यास विश्रांतीपासून हलका व्यायाम, सराव आणि शेवटी पूर्ण टकरीचा सराव अशा पायऱ्यांनीच पुनरागमन करता येते. अंतिम परवानगी स्वतंत्र तज्ज्ञानेही द्यावी लागते.

या व्यवस्थेतील उणीव सप्टेंबर २०२२ मध्ये ठळकपणे दिसली. मायामी डॉल्फिन्सचे क्वार्टरबॅक टुआ टागोवायलोआ बफेलो बिल्सविरुद्धच्या सामन्यात डोके आपटल्यानंतर अडखळताना दिसले. तरीही त्यांना त्याच सामन्यात पुन्हा खेळू देण्यात आले. चारच दिवसांनी सिनसिनाटी येथे झालेल्या सामन्यात ते पुन्हा जोराने आपटले आणि त्यांना स्ट्रेचरवरून न्यावे लागले. त्यानंतर नियमांत सुधारणा झाली. तोल जाणे किंवा हालचालींत असंबद्धता दिसणे या चिन्हांवर खेळाडूला त्या दिवशी पुन्हा खेळता येणार नाही, असे ठरले.

खेळाडूंचे स्वतःचे मौन हीदेखील मोठी अडचण आहे. संघातील जागा आणि करार गमावण्याच्या भीतीने अनेक जण लक्षणे लपवतात. बहुतेक करारांतील संपूर्ण रकमेची हमी नसल्याने ही भीती निराधार नसते.

साहित्य

व्हर्जिनिया टेक या संस्थेने २०११ पासून हेल्मेटना तारांकित गुण देण्यास सुरुवात केली. त्यामुळे उत्पादकांमध्ये सुरक्षिततेची स्पर्धा निर्माण झाली. हेल्मेटवर बाहेरून चढवायचे मऊ आवरण एनएफएलने २०२२ पासून काही खेळाडूंना सराव शिबिरांत सक्तीचे केले आणि २०२४ पासून सामन्यांतही वापरण्यास परवानगी दिली. लीगच्या आकडेवारीनुसार कन्कशनची संख्या २०१७ मधील २८१ वरून २०२४ मध्ये १८२ वर आली. या आकड्यांत लक्षणरहित धक्के मात्र धरलेले नसतात.

बालके आणि किशोरवयीन खेळाडू

फुटबॉल खेळणाऱ्यांत व्यावसायिकांची संख्या अत्यल्प आहे. बहुसंख्य खेळाडू शाळकरी असतात. मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मानेचे स्नायू दुर्बल असतात. त्यांच्या मेंदूची वाढही चालू असते. वॉशिंग्टन राज्यात २००६ मध्ये १३ वर्षांच्या एका मुलाला इजेनंतर त्याच सामन्यात पुन्हा खेळवले गेले आणि त्याच्या मेंदूला कायमची गंभीर हानी झाली. त्याच्या नावाने ओळखला जाणारा लिस्टेड कायदा २००९ मध्ये त्या राज्यात संमत झाला. कन्कशनची शंका येताच खेळाडूला बाहेर काढणे, वैद्यकीय परवानगीशिवाय परत न घेणे आणि पालकांना माहिती देणे या त्यातील प्रमुख तरतुदी आहेत. २०१४ पर्यंत सर्व ५० राज्यांत युवा खेळाडूंच्या कन्कशनविषयी कायदे झाले.

पॉप वॉर्नर या बालफुटबॉल संघटनेने २०१२ मध्ये सरावातील टकरींवर मर्यादा घातली आणि २०१६ मध्ये सर्वांत लहान वयोगटांसाठी किकऑफ रद्द केला. टॅकल फुटबॉल कोणत्या वयापासून सुरू करावे याबद्दल मतभेद आहेत. बारा वर्षांपूर्वी सुरुवात करणाऱ्यांना पुढे अधिक त्रास होतो असे काही अभ्यासांत दिसले, तर इतर अभ्यासांत तसा संबंध आढळला नाही. अंगावर न जाता कमरेची पट्टी ओढून प्रतिस्पर्ध्याला थांबवण्याचा फ्लॅग फुटबॉल हा प्रकार मुलांसाठी पर्याय म्हणून वाढत आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्याचा समावेश करण्यात आला आहे.

संशोधनाच्या मर्यादा

मेंदूदानावर आधारलेल्या अभ्यासांतील प्रमाण सर्व खेळाडूंना लागू करता येत नाही. ज्यांच्यात लक्षणे दिसली त्यांचीच कुटुंबे मेंदूदानास अधिक उत्सुक असतात. त्यामुळे १११ पैकी ११० या आकड्याचा अर्थ ९९ टक्के एनएफएल खेळाडूंना सीटीई होतो असा होत नाही, हे संशोधकांनीही स्पष्ट केले आहे. दुसरीकडे, सर्वसामान्य लोकसंख्येतील १६४ मेंदूंच्या तपासणीत केवळ एकात सीटीई आढळला आणि ती व्यक्तीही महाविद्यालयीन फुटबॉल खेळलेली होती. त्यामुळे हा विकार सरसकट आढळणारा नाही हेही दिसते.

मेंदूतील टाऊचे साठे आणि जिवंतपणी दिसलेले वर्तन यांचा संबंधही सरळ नसतो. नैराश्य, व्यसने, सततच्या वेदना आणि अकाली निवृत्ती यांचाही वाटा असू शकतो. एखाद्या खेळाडूच्या हिंसक कृत्याचे किंवा आत्महत्येचे कारण सीटीई हेच होते असे निश्चितपणे सांगता येत नाही. जिवंत व्यक्तीत निदान करण्यासाठी विशेष स्कॅन आणि रक्तचाचण्यांवर संशोधन चालू आहे.

सामाजिक पडसाद

पत्रकार मार्क फायनारू-वाडा आणि स्टीव्ह फायनारू यांचे ‘लीग ऑफ डिनायल’ हे पुस्तक आणि त्याच नावाचा माहितीपट २०१३ मध्ये आला. ओमालू यांच्या कार्यावर आधारित ‘कन्कशन’ या २०१५ च्या चित्रपटात विल स्मिथ यांनी प्रमुख भूमिका केली. सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सचे ख्रिस बोरलँड यांनी २०१५ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, केवळ एक हंगाम खेळून मेंदूच्या आरोग्यासाठी निवृत्ती पत्करली. शालेय पातळीवर ११ जणांच्या फुटबॉलमध्ये भाग घेणाऱ्यांची संख्या २००८–०९ मधील सुमारे ११ लाखांवरून २०१८–१९ पर्यंत सुमारे १० लाखांवर आली. तरीही एनएफएलचे सामने अमेरिकन दूरचित्रवाणीवरील सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमांत मोडतात.

या संशोधनाचा प्रभाव इतर खेळांवरही पडला. इंग्लंडचे माजी फुटबॉलपटू जेफ ॲसल यांच्या मेंदूच्या फेरतपासणीत २०१४ मध्ये सीटीई आढळला. २०१९ मधील ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासात स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये चेतासंस्थेच्या ऱ्हासाच्या विकारांनी होणारे मृत्यू सुमारे साडेतीन पट आढळले. त्यानंतर ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या सरावात चेंडू डोक्याने मारण्यावर निर्बंध आले. रग्बी आणि आइस हॉकी या खेळांतही अशाच स्वरूपाचे वाद आणि नियमबदल चालू आहेत.

हे सुद्धा पहा

अमेरिकन फुटबॉल
नॅशनल फुटबॉल लीग
मुष्टियुद्ध
रग्बी
अल्झायमरचा आजार
मानवी मेंदू